सगळ्यालाच 'ते हे'... डोक्याच्या अपघातानंतर शब्द सापडत नाहीत, कुणाला अनुभव आहे का?

कोयनाकाठ
१२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचक आहे, रेसिपी वाचते, लोणच्याच्या धाग्यावर एकदोनदा लिहिलंय, बाकी काही नाही. धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

जानेवारीत आमच्या ह्यांचा अपघात झाला. गॅरेज बंद करून रात्री दहाला घरी येत होते, पुढं ऊसाची ट्रॉली, तिला मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, हंगामात आमच्या कराडकडं असं सारखं ऐकायला येतं, आणि ह्यांचं हेल्मेट हँडलला अडकवलेलं. डाव्या कानाच्या वर मार बसला. रक्ताची गाठ काढायला ऑपरेशन झालं, अकरा दिवस आयसीयू, एकूण सव्वा महिना दवाखाना. जीव वाचला, चालतात, उजवा हात जरा हलका पडतो पण आपल्या हातानं जेवतात. देवाची कृपा म्हणायची.

पण बोलणं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "ते दे... ते हे... आपलं ते... पेट्रोल." मी बघतच राहिले. कपाचा कान धरल्यासारखी बोटं करत होते म्हणून कळलं की चहा पाहिजे. धाकटीला हसू आलं, मुद्दाम नाही हो, लहान आहे, तर ह्यांनी डबा उचलून भिंतीवर आपटला. चौदा वर्षांत या माणसानं घरात आवाज चढवला नव्हता.

मला 'अगं' म्हणायचे, आता 'काका' म्हणतात. म्हणजे मी कोण ते माहितेय, काका म्हटल्यावर चेहऱ्यावर लगेच दिसतं की चुकलं, परत प्रयत्न करतात आणि परत काकाच येतं. बाकी सगळ्याला 'हे'. मी आख्खा संसार ह्यांना 'हे' म्हणत केला, आता ते जगातल्या प्रत्येक वस्तूला 'हे' म्हणतात. रात्री हसू येतं आणि मग रडू येतं.

आणखी एक. गुरुवारी आरतीला उभे राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आख्खी आरती म्हटली, एक अक्षर चुकलं नाही. खाली बसले आणि पाणी मागता येईना. त्यावरून दीर म्हणतात नाटक करतोय, कर्जाचं टेन्शन आहे म्हणून. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, अंगारा लावतात. शेजारचे येतात ते ह्यांच्या कानाशी ओरडून बोलतात, जसं काही ऐकू येत नाही.

दवाखान्याच्या कार्डावर 'अ‍ॅफेझिया' एवढा एक शब्द लिहिलाय. विचारलं तर "येईल हळूहळू" म्हणाले, पुढचा पेशंट बोलावला. फिजिओ सांगितलं, हातासाठी. बोलण्यासाठी कुणी काही सांगितलं नाही.

शब्द परत येतात का? किती दिवसांत? कुणाकडं जायचं? कुणाच्या घरात असं झालंय का?

---

ठेचा_भाकर
१३ मे, सकाळी ७:०५

ताई वाचून पोटात कालवलं. मला माहिती काही नाही, पण धागा वर ठेवतोय.

---

निवृत्त_निवांत
१३ मे, सकाळी ८:२०

ब्राह्मी, शंखपुष्पी आणि रोज चार अक्रोड. वेखंड मधात उगाळून जिभेला चाटवा, लहान मुलं उशिरा बोलतात त्यांना आम्ही हेच देत आलो, गुण येतो. आणि मनानं घेतलं पाहिजे, मन खंबीर असेल तर सगळं होतं.

---

जिभेवर_आलंय
१३ मे, दुपारी २:१५

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात, बारा वर्षं झाली. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी निवृत्त काकांना. काका, राग मानू नका, पण वेखंड जिभेला चाटवण्यानं जीभ सुधारेल, इथं जीभ बिघडलेलीच नाहीये. आणि डोक्याच्या ऑपरेशननंतर बहुधा फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू असतात, त्यावर कुठलाही काढा-चाटण डॉक्टरला न विचारता देऊ नये. शिवाय काहींना गिळायला त्रास असतो, चाटण श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. अक्रोड खुशाल खा, गिळताना ठसका लागत नसेल तर.

कोयनाकाठ ताई, कार्डावरच्या अ‍ॅफेझियाला मराठीत वाचाघात म्हणतात. मेंदूत भाषेचं जे काम चालतं ते उजव्या हातानं लिहिणाऱ्या बहुतेकांचं डाव्या बाजूला असतं. तुमच्या मिस्टरांना मार डावीकडेच बसलाय. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक पेशंट आला होता, तो वर्षानुवर्षं 'टॅन' एवढंच बोलायचा, काहीही विचारलं तरी टॅन टॅन, दवाखान्यात त्याचं नावच टॅन पडलं. पण समोरचा काय बोलतोय ते त्याला बरंच कळायचं. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. पुढं १८७४ मध्ये वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरनं उलट प्रकार दाखवला, माणूस भडाभडा बोलतो पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट समजत नाही. म्हणजे हे दीडशे वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांना माहीत असलेलं दुखणं आहे, बाधा नाही आणि नाटक तर नाहीच.

आरतीचं कोडं. आरती, पाढे, सोमवार मंगळवार, एक ते दहा, नमस्कार, शिव्या, हे सगळं आपण शब्द शोधून म्हणत नाही. लहानपणापासून घोटून घोटून एकसंध झालेलं असतं, एक टोक ओढलं की पूर्ण दोरा येतो. गाण्यात तर उजव्या बाजूचाही बराच वाटा असतो. 'पाणी' मागायला मात्र हजारो शब्दांतून तो एक निवडावा लागतो, आणि तोच रस्ता तुटलाय. त्यामुळे आरती येणं आणि पाणी न येणं हे एकाच माणसात एकाच वेळी अगदी खरं असू शकतं. दिराला हे वाचून दाखवा.

चहाला पेट्रोल म्हणाले हे मला खूप काही सांगून गेलं. बघा, चहाऐवजी खुर्ची नाही म्हणाले. ओतायचं, भरायचं, ज्यावर गाडी चालते असं काहीतरी म्हणाले! म्हणजे डोक्यात बरोबर खोलीचं दार उघडलं, हात शेजारच्या बरणीवर पडला. अर्थ शाबूत आहे. गॅरेजवाल्या माणसाच्या डोक्यात पेट्रोल हा शब्द किती वरच्या फळीवर असेल विचार करा.

आता घरात काय करायचं. टीव्ही, मिक्सर, पंख्याची घरघर, एका वेळी तिघांनी बोलणं, हे बंद. एकाच माणसानं समोर बसून बोलायचं, छोटं वाक्य, पण लहान मुलाशी बोलल्यासारखं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही. बोलायला लागले की थांबायचं, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, तुम्हाला वाटेल युग गेलं. शब्द आपण पटकन पुरवायचा नाही, पण ते अडकून तडफडेपर्यंत गंमतही बघत बसायची नाही. मधला मार्ग म्हणजे धागा द्यायचा: पहिलं अक्षर ("च..."), किंवा अर्धं वाक्य ("सकाळी उठल्याउठल्या आपण गरमागरम काय पितो? कपभर..."), किंवा खूण, किंवा कागदावर चित्र. "चहा की कॉफी?" असा दोनातला एक निवडायला देणं सगळ्यात सोपं.

आणि पाहुण्यांसमोर "सांगा बघू ही कोण? हे काय आहे?" ही परीक्षा आजपासून बंद करा. माझ्या पेशंट्सना सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा असतो.

आणखी, डोक्याच्या मारात नुसती भाषा नाही, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, लगेच विसरणं हेही येतं, लकवा मारून वाचा जाते त्यापेक्षा हे थोडं वेगळं गणित असतं. सकाळी येणारा शब्द संध्याकाळी येणार नाही, त्याला आळस म्हणू नका. डबा आपटण्याबद्दल न्यूरोवाल्यांना जरूर सांगा, फिटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते, बदलून मिळू शकते, पण स्वतःहून बंद करू नका.

पहिले तीन ते सहा महिने सुधारणा भराभर होते, पुढं वेग कमी होतो पण दार बंद होत नाही. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. याच आठवड्यात कुणीतरी गाठा.

---

कोयनाकाठ
१३ मे, रात्री १०:५०

काय लिहू. "अर्थ शाबूत आहे" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. दिराला वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि येताना ह्यांच्यासाठी वडापाव घेऊन आले.

---

पुन्हा_अआइई
१४ मे, पहाटे ५:३०

मी स्वतः पेशंट. सहा वर्ष झाली. जिना, पडलो, डोकं. बँकेत कॅशियर होतो. हे लिहायला दोन तास. मोबाइल शब्द सुचवतो तीन, त्यातला बरोबर मला ओळखतो येतो. आठवत नाही, पण ओळखतो. फरक कळला का.

आतून कसं ते सांगतो. लाइट गेलेली. देवघर. काडेपेटी कुठे माहीत, रोजचीच जागा. हात फिरतो. समई लागते. घंटा लागते. उदबत्तीचा पुडा लागतो. काडेपेटी नाही. घरचे बाहेरून ओरडतात "सापडली का सापडली का". मग हात थरथर. मग समई पण पडते. लाइट आली की काडेपेटी समोरच.

म्हणून ओरडू नका. घाई केली की जे येणार होतं ते पण जातं.

बायको माझी बहीण झाली होती तीन महिने, तिला ताई म्हणायचो. सासुरवाडीत बोंब. आता बरोबर बोलतो.

आकडे फार त्रास. पंचवीस म्हणजे आधी पाच मग वीस ना. मी ५२ लिहायचो. कॅशियर माणूस! ट्वेंटी फाइव्ह म्हटलं की बरोबर लिहायचो. अजून मोठी रक्कम इंग्रजीतच मनात.

शिव्या पहिल्या दिवसापासून क्लिअर. नर्सला सॉरी म्हणायचं होतं, सॉरी नाही आलं, दुसरं आलं.

वहिनी घाबरू नका. ते आत आहेत.

---

ठेचा_भाकर
१४ मे, सकाळी ७:१२

पुन्हा_अआइई, दंडवत घ्या. दोन तासांत तुम्ही जे लिहिलंत ते मला दोन दिवसांत जमलं नसतं.

---

माईनकाठचा_मावळा
१४ मे, दुपारी १:०५

फ्रँकफर्टहून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी बायको सायकलवरून पडली, डाव्या बाजूला मेंदूला इजा. ती इथे अकरा वर्षं राहिलेली, ऑफिसात दिवसभर जर्मन, घरी मराठी, मैत्रिणींशी इंग्रजी. शुद्धीवर आल्यावर जर्मन साफ गायब. समोर जर्मन डॉक्टर, जर्मन नर्स, आणि ही कोल्हापूरची पोरगी त्यांना "काय करालाय?" विचारतेय. मी दुभाषा.

मी तेव्हा वेड्यासारखं वाचलं. १८८१ साली रिबो नावाच्या फ्रेंच माणसानं मांडलं होतं की आधी शिकलेली भाषा आधी परत येते, मग १८९५ मध्ये पिट्र म्हणाला की नाही, अपघाताच्या आधी जी जास्त वापरात होती ती. आमच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या दोन्ही सापडतात, कधी सगळ्या भाषा सारख्याच येतात, कधी आज ही उद्या ती. बायकोचं रिबोच्या बाजूनं पडलं म्हणायचं.

इथे डॉक्टरनं चिठ्ठी दिली की लोगोपेडीचा, म्हणजे स्पीच थेरपीचा, बराचसा खर्च सरकारी विम्यातून होतो. ते सोपं होतं. पण मराठी येणारी थेरपिस्ट कुठून आणणार? मग तंत्र बाईंचं आणि भाषा सासूबाईंची. कोल्हापुरातून रोज व्हिडिओ कॉल. बाईंनी सांगितलं होतं की एका शब्दाभोवती सगळं गोळा करायचं, कुठे असतो, कशाला वापरतात, कसा दिसतो, कशासोबत जातो. सासूबाई खलबत्ता घेऊन बसायच्या, त्यात काय कुटतात, आवाज कसा येतो, कुणी दिला, लग्नात कसा आला, आख्खा इतिहास, आणि वीस मिनिटांनी हिच्या तोंडून 'बत्ता' आला की दोघी ओरडायच्या. तीनच महिन्यांत माझ्या सासूबाई लोगोपेड झाल्या.

उशीर झाला म्हणून हताश होऊ नका असं सगळ्यांनाच सांगतो. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये जर्मनीतलाच एक अभ्यास आला होता, लकव्यानंतर सहा महिन्यांहून जास्त काळ वाचा अडकलेल्यांवर. आठवड्याला दहा तास किंवा जास्त, असे निदान तीन आठवडे थेरपी दिली तर बोलणं मोजण्याइतकं सुधारलं. तो अभ्यास लकव्याचा, अपघाताचा नाही, पण आम्हाला त्यावरून धीर आला. आठवड्याला अर्धा तास करून काही होत नाही म्हणणाऱ्यांना सांगायचं, मात्राच कमी पडतेय.

---

निवृत्त_निवांत
१४ मे, सायंकाळी ६:३०

मी वेखंडाचं मागे घेतो. पण मन खंबीर पाहिजे हे तरी मान्य करा.

---

जिभेवर_आलंय
१४ मे, रात्री ९:१०

काका, मान्य. पण पेशंटचं मन आधीच खंबीर असतं हो, एका चहासाठी रोज वीस मिनिटं झगडणारा माणूस अजून किती खंबीर होणार? "मनावर घे" म्हटलं की त्याला ऐकू येतं "तू प्रयत्नच करत नाहीस". मन खंबीर ठेवायचंय ते घरच्यांनी.

---

वऱ्हाडी_वांगं
१५ मे, सकाळी ११:२५

बावा, पुण्या-मुंबईचं अन जर्मनीचं झालं सगळं, आता आमचं ऐका. माह्या मोठ्या भावाले ट्रॅक्टर पलटून मार लागला, यवतमाळकडचं गाव. थेरपिस्ट कुठी? जवळचा म्हटला तं नागपूर. जायचं-यायचं दोन दिवस, मजुरी बुडते ते अलग. तीन खेपा केल्या अन बंद. मंग एका पोरीनं मोबाइलवर व्हिडिओनं शिकोवणं चालू केलं, हप्त्यातून दोनदा, बाकी दिवस माही वहिनी घेते. नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढा लागते पण चाल्लं आहे.

आता मुद्द्याचं. वाचा गेली तं अपंगत्वाचं सर्टिफिकेट भेटते हे तुमाले माहीत आहे का? आमाले दोन वर्ष माहीत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा हा अलग प्रकार आहे अन अ‍ॅफेझिया हे नाव त्यात लिहून आहे. भाऊ गेला तं खिडकीवरचा म्हणे, "हात-पाय तं धड आहे, काहून आला?" भावाले उत्तर देता येत नाही, तेच तं दुखणं आहे ना बावा! मी कायद्याचं ते पान मराठीत छापून नेलं, तवा कागद पुढं सरकला. बहुतेक सवलतीले चाळीस टक्के लागते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होते.

---

जिभेवर_आलंय
१५ मे, दुपारी ३:४०

वांगंभाऊंनी माझं अर्धं काम केलं. एक भर, कायद्यात 'कायमस्वरूपी' असा शब्द आहे, त्यामुळे चौथ्या महिन्यात लगेच मिळेलच असं नाही, आधी थेरपी घ्या, कागदपत्रं मात्र पहिल्यापासून जपून ठेवा.

आणि कुठे जायचं ते. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवणासाठीची, केंद्र सरकारची, १९८३ पासून. नायर हॉस्पिटलमध्येही स्पीच थेरपीची सोय आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं स्पीचचं कॉलेज आहे. अशा कॉलेजांत शिकणारी मुलं सिनियरच्या देखरेखीखाली थेरपी देतात, फी बाहेरच्यापेक्षा बरीच कमी असते आणि मुलं जीव ओतून करतात. कुणाकडेही जा, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर आहे का विचारा, चांगला माणूस विचारल्यावर रागावत नाही.

---

कोयनाकाठ
६ जून, रात्री ११:१५

उशिरा आले, माफी. पुण्यात एकदा दाखवून आलो, आता त्याच मॅडम व्हिडिओवर आठवड्यात तीनदा घेतात, बाकीचा वेळ मी आणि थोरली.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, गॅरेजमध्ये नेता का? मी म्हटलं छे, तिथं आवाज, धूर, गिऱ्हाइकं, आणि ह्यांना लाज वाटते. म्हणाल्या दुपारी गर्दी नसताना अर्धा तास न्या, ज्या शब्दांत माणूस वीस वर्षं जगला ते शब्द घरातल्या फळांच्या चित्रात कुठून मिळणार. खरंच की, मी आपली रोज सफरचंद-केळं-द्राक्षं दाखवत होते, ते वैतागून तोंड फिरवायचे.

तर नेलं. हातात हेल्मेट घेऊन नेलं, रिक्षात, त्यांनीच घेतलं, का ते विचारलं नाही. स्टुलावर बसवलं. गॅरेजवरचा पोरगा एका स्प्लेंडरचं काम करत होता. ह्यांनी बघितलं की तो चुकीच्या पान्यानं नट खोलतोय. हात पुढं केला आणि म्हणाले, "दहा-अकरा." पोरानं दहा-अकराचा पाना दिला. ह्यांनी फेकला. "दहा-अकरा!" पोरगा रडकुंडीला. मग स्वतः उठले, फळ्यावरून हात फिरवला आणि बारा-तेराचा काढला. नट सुटला.

पोरगा हुशार निघाला, दुसऱ्या दिवशी मी न सांगता त्यानं पोत्यावर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून ठेवले आणि म्हणाला, शेठ तोंडानं नका सांगू, बोट दाखवा, आकडा मी म्हणतो मागून तुम्ही म्हणा. हे बोट ठेवतात, तो म्हणतो "बारा-तेरा", हे म्हणतात "बारा-तेरा". रोज. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या या पोराला माझ्याकडं पाठवा.

आणि मग परवा. एक गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभं होतं, पोरगा म्हणत होता चेनचा आवाज आहे. ह्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि एकदम म्हणाले, "टॅपेट!"

कुणी अक्षर दिलं नाही, खूण केली नाही, चित्र नाही. खणखणीत. पोरानं इंजिन खोलून बघितलं तर आवाज टॅपेटचाच. गिऱ्हाइकाला काय कळणार, ते म्हणालं किती झाले. मी दुकानाच्या मागं जाऊन रडून घेतलं.

---

पुन्हा_अआइई
७ जून, सकाळी ६:१०

टॅपेट!!!

---

वऱ्हाडी_वांगं
७ जून, सकाळी ९:००

टॅपेट बावा टॅपेट. भावाले वाचून दावलं, तो बी म्हणाला "पेट पेट".

---

माईनकाठचा_मावळा
७ जून, दुपारी १२:२०

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात डोळे पुसतोय, कलीग विचारतात काय झालं, आता टॅपेट जर्मनमध्ये कसं समजावू.

---

सही_रे_सही
७ जून, दुपारी ४:४५

आनंदात खडा टाकत नाही पण कामाचं विचारून घेते. माझ्या बाबांचं असंच झालंय, उजवा हात गेल्यानं सही जुळत नाही, आणि यूपीआयचा पिन आठवतो पण आकडे उलटे पडतात, तीनदा चुकला की बंद. बँकेत गेलो तर साहेब बाबांशी बोलतच नाहीत, माझ्याकडे बघून विचारतात "यांना कळतं का?" बाबा समोर बसलेले.

---

पुन्हा_अआइई
७ जून, रात्री ८:३०

मी बँकवाला म्हणून सांगतो. अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात. खातं आधी जॉइंट करा, 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना लिहून द्या. बाबांना घेऊन मॅनेजरकडे. खिशात कार्ड ठेवा, मी ठेवतो: "मेंदूला इजा झाली आहे. मला समजते. बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा." ते पुढे केलं की लोक सुधारतात. निम्मे तरी.

पिन आकडा नाही, जागा. बोटाला शिकवा. डोळे मिटून सराव, मोबाइल बंद ठेवून.

---

सही_रे_सही
८ जून, सकाळी १०:०५

बोटाला शिकवा! हे मला सुचलंच नव्हतं. कार्ड आजच लॅमिनेट करते.

---

ठेचा_भाकर
१९ ऑगस्ट, रात्री ९:२५

धागा वर काढतोय. कोयनाकाठ ताई, काय खबर?

---

कोयनाकाठ
२० ऑगस्ट, रात्री १०:४०

आहे आहे, पंचमीपासून पाहुणेच चालू होते.

सगळं झकास असं नाही. मधे एकदा फिट आली, दोन दिवस परत दवाखाना, त्यानंतर आठवडाभर आलेले शब्द पण गेले, मी हबकले, मग हळूहळू परत आले. लांब वाक्य अजून जमत नाही, प्रत्यय गळतात, "मी गॅरेज... काल... गाडी दोन" असं बोलतात, तो-ती-ते चुकतं. संध्याकाळी सातनंतर बोलणं बंद, आम्हीही बोलवत नाही. गॅरेज पोरगाच बघतो, हे दुपारी दोन तास बसतात. दीर कर्जाचे हप्ते भरतायत, त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सासूबाई अंगारा लावतात अजून, मॅडम म्हणाल्या लावू द्या, त्या निमित्तानं आई रोज दोन मिनिटं लेकासमोर शांत बसते.

मी अजून काकाच आहे. पण आता काका म्हटलं की स्वतःच हसतात.

काल सकाळी ओट्यापाशी आले, उभे राहिले, तोंडाची हालचाल चाललेली, मी मनात दहा मोजत होते, सातवर असताना म्हणाले, "साखर कमी." चहा हा शब्द आलाच नाही, पण साखर कमी आलं! मी आधण ठेवत म्हटलं, मग पेट्रोल कितीचं टाकू?

"फुल," म्हणाले.